अकरा आणि वरचं

वजनाच्या दिवशी आमच्या घरी भाकरी लवकर व्हायची. आई चुलीपुढं बसून बाजरीच्या भाकरी थापायची तो आवाज, आणि वारा आमच्या बाजूचा असला की सोलापूरकडं जाणाऱ्या ट्रकांची घरघर, एवढ्यावर मला जाग यायची. उठल्या उठल्या मी काय करायचे, तर पुन्हा झोपायचे. तेव्हा मी बी.ए. झालेली, स्वतःला फार हुशार समजणारी आणि घरातलं एकही काम नीट न येणारी मुलगी होते. आज माझी नात नेमकी तशीच निघाली आहे आणि सगळे मला विचारतात, ही कुणावर गेली. मी चहा पिते.

आई आमच्या गावची अंगणवाडीताई. सातवी शिकलेली, पण तिच्याइतका रुबाब तालुक्याच्या साहेबांनाही नव्हता. शाळेशेजारी एक खोली, तिच्या तुळईला टांगलेला वजनकाटा. घड्याळासारखा गोल चेहरा, खाली हूक, हुकाला कापडी झोळणा. त्यात दोन भोकं, पोराचे पाय त्यातून खाली सोडायचे. आत बसवलं की पोर असं बोंबलायचं की शाळेतली पोरं पाढे म्हणायची थांबायची. आई काटा स्थिर व्हायची वाट बघायची आणि मग मोठ्यानं पुकारायची, “अकरा!” बाहेर ओट्यावर बसलेल्या पोराच्या आईचा जीव खाली पडायचा. मग पुढचं पोर. “धा!” पुढचं. “बारा! आरं वा, ह्यो तर पैलवान झाला.” मग भिंतीकडं तोंड करून आई वहीत काहीतरी लिहायची. ती वही सरकारी. पत्र्याच्या पेटीत असायची, पेटीला कुलूप आणि किल्ली आईच्या कमरेला. दादा, म्हणजे माझे वडील, त्याच शाळेत गुरुजी होते, पण त्या वहीला त्यांनीही कधी हात लावलेला मला आठवत नाही.

माझ्याकडं काम होतं सरकारी आहाराची गोड सुकडी वाटायचं, म्हणजे रांगेतली पोरं गप्प राहतील. काट्याचं तोंड आईकडं असायचं आणि माझं तोंड सुकडीच्या डब्यात. पोरांच्या वाट्याची किती सुकडी मी खाल्ली याचा विचार केला की या वयातही कानाच्या पाळ्या गरम होतात. पण कान मात्र उघडे होते. लहानपणापासून मी दर महिन्याला तेच ऐकत आले होते: नऊ, अकरा, सात, दहा. माणसाच्या पोराचं वजन असंच असतं, अशी माझी पक्की समजूत झाली होती. वजन म्हणजे पुकारायची गोष्ट, आणि पुकारायची म्हणजे पूर्ण आकडा.

दादांचं सगळं याच्या उलट होतं. त्यांना मोघम काही चालायचं नाही. पारावर कुणी म्हणालं, “पाच वाजलं वाटतं गुरुजी,” की दादा मनगट वर करून सांगायचे, “चार वाजून बावन्न मिनिटं.” कुणी म्हणालं मिरजगाव चार कोस, की दादा त्याला किलोमीटर आणि वरचे मीटर सांगायचे. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की ते आम्हा भावंडांना पुढ्यात बसवून एकच सांगायचे, “डोळ्यांनी बघा, हातांनी मोजा, मगच माना.” जेवताना आई म्हणायची, “अर्धी भाकर वाढू का?” तर ते विचारायचे, “अर्धी म्हणजे केवढी?” एकदा आईनं त्यांच्या पुढ्यात पट्टी आणून ठेवली होती. त्या दिवशी भाकरीऐवजी हुलग्याचे वळलेले शेंगोळे होते. शेंगोळ्यांना पट्टी लावता येत नाही, म्हणून दादा वाचले.

तर अशा या घरात मी कॉम्प्युटर शिकायचं ठरवलं. का ठरवलं? काही उदात्त कारण होतं असं लिहायला मला आवडलं असतं. खरं कारण असं की मिरजगावात हायवेला खतांच्या दुकानावर एक क्लास निघाला होता, आणि तिथं जाताना पायातल्या चपला काढून आत जावं लागतं असं मी ऐकलं होतं. जिथं चपला काढाव्या लागतात तिथं काहीतरी मोठं असणार, एवढाच माझा विचार. आत दोन कॉम्प्युटर, त्यांच्यावर घरी शिवलेली फुलाफुलांची झाकणं, खिडकीला जाड पडदा आणि खालून येणारा युरियाचा वास. आजही खताच्या दुकानासमोरून गेले की मला प्रोग्रॅम लिहावासा वाटतो.

सर नगरहून यायचे. बारीक, चष्मेवाले, आणि लाईट जाईल या भीतीनं सतत भरभर बोलणारे. त्यांनी आम्हाला सी शिकवायला घेतली आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर दोन डबे काढले, एक लहान, एक मोठा.

“कॉम्प्युटरला आकडा द्यायचा तर आधी त्याला डबा द्यावा लागतो,” सर म्हणाले. “आणि डबा आधीच सांगायचा. हा लहान, इंट. दोन बाईटचा. यात फक्त पूर्ण आकडा मावतो. पाच, दहा, शंभर. साडेपाच टाकायला जाल तर तो वरचं अर्धं घेणार नाही. हा मोठा, फ्लोट. चार बाईटचा. यात दशांश मावतात. आता तुम्हीच ठरवायचं, कुठल्या आकड्याला कुठला डबा.”

मी हात वर केला. तेव्हा मी सतत हात वर करायचे. “सर, मग सगळ्यालाच मोठा डबा दिला तर?”

“जागा वाया जाते. मेमरी काय आपल्या बापाची आहे का?”

हे मला एकदम पटलं, कारण आमच्या स्वयंपाकघरातही हाच कायदा होता. वाटीभर डाळीला मोठं पातेलं घेतलं की आई म्हणायची, “घासायला काय तुझी सासू यील?” तेव्हापासून मी डबे बघून वापरू लागले. मात्र माझी अक्कल अशी, की सराव म्हणून सरांनी स्वतःची माहिती घेणारा प्रोग्रॅम लिहायला सांगितला, त्यात मी माझं वय फ्लोटमध्ये ठेवलं. एकवीस पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते ना! ते चार महिने मला कुणाला द्यायचे नव्हते. आणि बुटाचा नंबर ठेवला होता लाँगमध्ये, जो फार मोठ्या पूर्ण आकड्यांसाठी असतो. सरांनी माझ्या पायांकडं बघितलं आणि पुढच्या मुलाकडं वळले.

क्लास सहा महिन्यांचा होता. पाचव्या महिन्यात दादांनी डी.एड.चा फॉर्म आणला आणि रेडिओखाली ठेवला. गुरुजींची मुलगी, ती मास्तरीण होणार, यात त्यांना विचारण्यासारखं काही वाटत नव्हतं. मला मात्र नगरला जायचं होतं. सर म्हणाले होते की तिथं दीड वर्षाचा पुढचा कोर्स आहे, तो केला तर मी स्वतः शिकवू शकेन. मावशी नगरला राहायची, म्हणजे सोय होती. मी तीन दिवस धीर गोळा करत होते. चौथ्या दिवशी जेवताना बोलले.

दादांनी घास खाली ठेवला. “त्या यंत्राचा आपल्या गावाला काय उपयोग?”

“लई उपयोग आहे.”

“लई म्हणजे किती? एक सांग.”

मला एकही सांगता येईना. आई मधे पडली नाही, ती ताटात ठेचा वाढत राहिली. शेवटी दादाच म्हणाले, “तुमचे सर बाजाराच्या दिवशी पालकांना बोलावणार आहेत ना, प्रात्यक्षिक दाखवायला? मी येतो. गावाच्या उपयोगाचं एक काम त्या यंत्राकडून करून दाखव. नीट झालं तर नगर. नाही तर हा फॉर्म भरायचा, तारीख जवळ आली आहे.” दादा दिलेला शब्द पाळायचे. माझी पंचाईत हीच होती, की ते दोन्ही बाजूंनी पाळायचे.

उपयोगाचं काम मला तिथंच, भाकरी मोडताना सुचलं. आईकडं एक सरकारी तक्ता होता. पोराचं वय आणि वजन बघायचं, रेघेच्या वर असेल तर ठीक, खाली असेल तर त्या पोराला जास्तीचा आहार. हे बघताना आईचे दोन दिवस जायचे, बोटानं रेघा धरून धरून. ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडं पाडव्याच्या सुमाराला परत आली की तर विचारायलाच नको. पोरं उसाच्या फडावरून वाळून आलेली असायची आणि कुणाकडं आधी बघायचं हे लवकर कळायला हवं असायचं. मी ठरवलं की तीन वर्षांची अठरा पोरं घ्यायची. कॉम्प्युटर एकेकाचं वजन विचारेल, आपण टाकायचं, की लगेच पुढं येईल, ठीक किंवा लक्ष द्या. नावं नाहीत, नुसते नंबर. अंगणवाडीत पोराच्या वाटीवर जो रंगानं घातलेला नंबर असायचा तोच.

प्रोग्रॅम मी आधी वहीत लिहिला. वजन, असं लिहून त्याला डबा द्यायची वेळ आली तेव्हा माझा हात क्षणभरही थांबला नाही. इंट! लहान डबा. उगाच चार बाईट कशाला, अकरा तर आहेत. तक्त्यावरची रेघ अकराच्या जराशी वर होती, म्हणून मी लिहिलं, अकरा किंवा कमी असेल तर लक्ष द्या. क्लासमध्ये करून बघितलं, आठवतील ती वजनं टाकून. दहा, लक्ष द्या. बारा, ठीक. तेरा, ठीक. यंत्र कसं सुतासारखं चाललं. त्या दिवशी मी घरी आले ती जमिनीवर पाय न टेकता. आईला म्हणाले, “आई, तुझे दोन दिवसांचे कष्ट मी दोन मिनिटांवर आणले.” आई म्हणाली, “मग पानी आन दोन घागरी.”

बाजाराच्या दिवशी क्लासवर ही गर्दी. सरांनी फुटाणे वाटले. दादा पहिल्या रांगेत, इस्त्रीची टोपी, मनगटावर घड्याळ. गावातल्या पंधरावीस बाया बाजाराच्या पिशव्यांसकट मागं दाटीवाटीनं बसल्या होत्या, अठरा पोरांपैकी बहुतेकांच्या आया त्यात होत्या. खाली जिन्यापाशी चपलांचा ढीग. आई वही घेऊन आली होती, पिशवीत नाही, छातीशी धरून. ती वही पहिल्यांदा माझ्या हातात आली तेव्हा मला उघडून बघायलाही वेळ नव्हता. सर म्हणाले, “चला, लाईट आहे तोवर.”

मी खुर्चीवर बसले. पडद्यावर आलं, नंबर एक, वजन? मी वही उघडली. पहिली ओळ. नंबर एकपुढं आईच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं, अकरा पूर्णांक चार. मी टाकलं, अकरा, टिंब, चार. आणि बटण दाबलं.

यंत्रानं अकरा घेतलं. टिंब आणि चार त्याच्या डब्यात मावेना, ते दारातच अडकून बसलं. मग नंबर दोनचं वजन घ्यायला यंत्र दारात आलं तर तिथं ते टिंब बसलेलं. त्याला टिंबाचं काय करायचं कळेना, म्हणून त्यानं डब्यात आधीचं जे होतं तेच पुढं दिलं. नंबर तीनलाही तेच. हे मी आता इतकं शांतपणे लिहितेय, तेव्हा मला दिसलं ते एवढंच, की मी बोटही न लावता पडद्यावरून ओळी धडाधड पळत गेल्या आणि अठराच्या अठरा पोरं अकरा किलोंची झाली. प्रत्येकापुढं, लक्ष द्या.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, “अगंबया, समदी जुळीच की!” आणि खोली हसायला लागली. पण सगळ्या हसत नव्हत्या. ज्यांना थोडं वाचता येत होतं त्यांनी बाकीच्यांना सांगितलं की समद्यांपुढं लक्ष द्या लिहिलंय, तशा दोघीतिघी उठून उभ्या राहिल्या. “माझ्या पोराला काय झालं? ताई, मागल्या म्हैन्यात तर बारा म्हनला व्हता तुमी!” दादा हसले नाहीत. त्यांनी घड्याळात बघितलं. आमच्या घरात त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता.

सरांनी सांभाळून घेतलं. “बसा, बसा, चहा सांगितलाय. चहा होईपर्यंत मुलगी दुरुस्त करेल.” आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मी हात लावणार नाही. डबा बघ.”

मी जिन्यात जाऊन बसले, चपलांच्या ढिगाशेजारी. वही मांडीवर. एकेक ओळ वाचत गेले. अकरा पूर्णांक चार. बारा पूर्णांक एक. बारा पूर्णांक आठ. एकही आकडा मी आजवर ऐकलेला नव्हता. आई मागून येऊन पायरीवर टेकली.

“आई, हे काय लिहिलंस तू?”

“वजनं.”

“पण तू तर अकरा म्हणतेस. कायम अकरा म्हणतेस!”

“हळू बोल.” आईनं वर बघितलं. “पोराचं पुरं वजन मोठ्यानं सांगितलं तर दृष्ट लागती म्हनत्यात आया. मी नवी व्हते तवा पुरं सांगायचे. दुसऱ्या म्हैन्याला निम्मी पोरं आलीच न्हाईत. मग मी वरचं सांगायचं सोडलं. वहीत पुरं लिव्हते.”

“म्हणजे इतकी वर्षं तू खोटं पुकारत होतीस?”

“खोटं कसं? अकरा न्हाईत का त्याच्यात? हायेत. वरचं फकस्त झाकून ठिवलं.” ती माझ्याकडं बघून म्हणाली, “मी मानते व्हय असलं काय? पन पोरं काट्यावर यायला पायजेत का न्हाई? तुझ्या दादास्नी सांगू नगंस, ते अख्ख्या गावाला भाषण देतील.”

मी रडायच्या बेतात होते, पण मला एकदम हसूच आलं. एकवीस वर्षं ज्या आवाजावर मी वाढले त्याच आवाजानं मला लहान डबा घ्यायला लावला होता. आणि स्वतःचं वय फ्लोटमध्ये ठेवणारी मी, मला एकदाही वाटलं नाही की पोरांनाही काही वरचं असेल. दोष आईचा नव्हताच. दादा रोज ओरडून सांगायचे, डोळ्यांनी बघा, आणि मी ना काटा बघितला होता ना वही. मी ऐकीव वजनावर डबा निवडला होता.

“दुरुस्त व्हतंय का?” आईनं विचारलं.

“दोन शब्द बदलायचेत. वजनाला मोठा डबा द्यायचा, फ्लोट, आणि घेताना सांगायचं की दशांशासकट घे. रेघ पण बरोबर जागी लावते.”

“मंग बदल की. रडतीस कशाला?” ती उठली आणि पुन्हा बसली. “पन थांब. मग ते पुरं वजन तिथं वर दिसनार? समद्या बायांच्या म्होरं?”

दिसणार होतं. पडद्यावर, ढळढळीत, वाटीच्या नंबरासकट. मी आईकडं बघितलं, ती माझ्याकडं. आत चहाच्या कपांचा आवाज येत होता. एक लक्षात ठेवा, माझं नगर त्या दहा मिनिटांत होतं. बरोबर चाललेला प्रोग्रॅम दाखवला की दादा खूश, मी नगरला. पण पुढच्या महिन्यात वजनाला पोरं आली नाहीत तर?

आणि मग मला सुचलं. माझ्या हुशारीचं कौतुक इथं करायला हरकत नव्हती, पण सुचलं ते आईकडं बघूनच. “आई, वजन घेताना आणि रेघेशी ताडताना फ्लोट ठेवते. पूर्ण, वरच्यासकट. पण पडद्यावर दाखवताना इंट करून दाखवते. आत पुरं, बाहेर अकरा.”

आईनं थोडा विचार केला. “मग तुझं यंत्र माझ्यावानीच हाय की,” ती म्हणाली आणि कपाळावरचा पदर सारखा करून आत गेली.

चहा संपायच्या आत माझं झालं. या वेळी प्रत्येक नंबराला यंत्र थांबलं, मी वहीतून वजन टाकत गेले, आणि एकेक ओळ येत गेली. नंबर एक, अकरा, ठीक. नंबर दोन, बारा, ठीक. बाया पुढं वाकून बघत होत्या. सातव्याला आलं, अकरा, लक्ष द्या. पुढं पुन्हा ठीक. अठरा झाले, त्यात तिघांपुढं लक्ष द्या. सरांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं वळून बघितलं तर दादा उभे होते. बोट पडद्याकडं.

“नंबर एकचं वजन अकरा, ठीक. नंबर सातचं वजन अकरा, लक्ष द्या. वय तेच. आकडा तोच. मग न्याय दोन कसे?”

याला म्हणतात नशीब. अख्ख्या खोलीत एकच माणूस दोन ओळी ताडून बघणारा होता, आणि तो माझा बाप. सर माझ्याकडं बघू लागले. उत्तर मला येत होतं. एका वाक्याचं होतं. ते दिलं असतं तर दादांना पटलं असतं, आणि आईचं झाकलेलं तिच्या सगळ्या बायांपुढं उघडं पडलं असतं. न दिलं तर यंत्र बिनडोक, पोरगी बिनडोक, फॉर्म रेडिओखालून बाहेर. मी गप्प उभी राहिले. हात वर करण्याची सवय असलेल्या मुलीला गप्प राहणं किती जड जातं ते मला त्या दिवशी कळलं.

“सांग ना,” दादा म्हणाले. “हे चुकीचं आहे की बरोबर?”

“बरोबर आहे दादा.”

“कसं?”

“ते... मला सांगता येत नाही.”

तेवढ्यात मागून आवाज आला. “मी सांगू का गुरुजी?” ताराबाई होत्या, आठवड्यापूर्वीच ऊसतोडीवरून परतलेल्या, रापलेल्या, हातावर अजून पाचटाचे ओरखडे. “ताई वरचं सांगत न्हाईत. नंबर एकाला वर काहीतरी आसंल. आमच्या सातव्याला नसंल.”

आईचा चेहरा उतरला.

“वरचं म्हणजे?” दादा.

“मंजी ताई म्हनल्या अकरा, की आमी मनात साडेअकरा धरतो,” ताराबाई अगदी सहज म्हणाल्या. बाकीच्या बायांनी माना हलवल्या. “व्हय तर,” शेजारची म्हणाली. “ताईंनी धा म्हनलं की आमी धाच्या वर धरतो. इतक्या वर्सांत कुनाचं पोर नुसतं धाच भरतंय व्हय?” मघाशी जुळी म्हणालेली म्हातारी म्हणाली, “आवो, आमाला समदं ठाव हाय. ताईंना वाटतंय आमाला न्हाई ठाव. म्हनून आमी बी बोलत न्हाई.”

यावर जे हसू फुटलं, ते खालच्या खतवाल्याला ऐकू गेलं असणार, कारण तो जिन्यातून वर बघायला आला. आई तोंडाला पदर लावून हसत होती आणि डोळे पुसत होती. ताराबाई मात्र हसत नव्हत्या. त्या पुढं आल्या आणि हळूच म्हणाल्या, “ताई, आमच्या पोरीचं वर कायच न्हाई ना?”

आईनं वही बघितली नाही. तिला ती पाठच होती. “न्हाई गं. नुसतं अकराच हाय. पन रोज धाड तिला माझ्याकडं, फडावनं आलेली पोरं दोन म्हैन्यांत भरत्यात. मी वर आनते.”

“आना,” ताराबाई म्हणाल्या. “मग मी मनात धरीन.”

घरी परतताना दादा आमच्या पुढं चालत होते. पाठीमागं हात, नेहमीसारखे. फाट्यापासून गावापर्यंत त्यांनी वळून बघितलं नाही. आई मला कोपरानं ढोसत होती, मी तिला. गाव आलं तेव्हा ते थांबले.

“त्या मोठ्या डब्याला जागा किती जास्त लागते?”

“दोन बाईट, दादा.”

“एवढीच?” असं म्हणून ते चालू लागले. संध्याकाळी मी बघितलं तर रेडिओखाली काही नव्हतं. फॉर्म त्यांनी घडी घालून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला होता. तो तिथं पुढं खूप वर्षं होता आणि टेबल हललं नाही. डी.एड.चा आमच्या घराला झालेला तेवढाच फायदा.

पुढं मी कित्येक वर्षं कॉम्प्युटर शिकवला. पहिल्या तासाला दोन डबे काढायचे, सरांसारखेच. पण मुलांना एक वाक्य माझं सांगायचे: आकडा ऐकू नका, बघा. मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि काहीही न समजता पुढं जायची, जसं त्या वयात करायचं असतं.

नंबर सातची गोष्ट राहिली. मी नगरला निघायच्या आधी एक वजनाचा दिवस आला. ताराबाईंची पोरगी झोळण्यात बसून अख्खं गाव गोळा करत होती. या वेळी मी सुकडीचा डबा खाली ठेवला आणि आईच्या मागं जाऊन काट्याकडं बघितलं. आई काटा थांबायची वाट बघत राहिली, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग पुकारलं, “अकरा!” आणि ओट्याकडं न बघता भिंतीकडं वळून लिहू लागली. ओट्यावर ताराबाई आईच्या पाठीकडं बघत होत्या. लिहायला आईला किती वेळ लागतो ते त्या बघत होत्या. नुसतं अकरा लिहायला एवढा वेळ लागत नाही, हे त्यांना माझ्या आधीपासून माहीत होतं. त्यांनी पोर उचललं, तिच्या गालावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली आणि निघाल्या.

मी निघाले त्या दिवशी मिरजगावच्या स्टँडवर आई, दादा आणि अर्धा डझन बाया. माझी पत्र्याची पेटी, तिच्यावर फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि ठेचा, आणि एक सुकडीचा पुडा. तो कुठून आला हे मी विचारलं नाही. नगरची एस.टी. लागली. गर्दीत कुणीतरी आईला विचारलं, “ताई, किती दिसांचं हाय हे शिक्षान?”

दीड वर्षाचं होतं. दादांना तर दिवसही माहीत असणार.

“एक वर्साचं,” आई मोठ्यानं म्हणाली.

दादांचं तोंड उघडलं. मी खिडकीतून बघत होते, त्यांची तर्जनीही वर आली होती. मग त्यांनी आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तोंड मिटलं.

“हो,” ते म्हणाले. “एक वर्ष.”

गाडी सुटली. बाया हात हलवत होत्या आणि मला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं, त्यांनी मनात वरचं धरलं होतं.